व्हेनिस: घरातल्या मोठ्यांना घेऊन फिरताना बोटी, पूल आणि पायऱ्यांचा हिशोब

सायली_प (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आई-बाबा आणि सासूबाई अशा तिघांना घेऊन नुकतेच व्हेनिसला जाऊन आलो. निघायच्या आधी मराठीत बरंच शोधलं, पण गोंडोला आणि सेंट मार्क चौकातली कबुतरं यापलीकडे फारसं हाती लागलं नाही. सत्तरीची माणसं बरोबर असली की आपले प्रश्न वेगळे असतात. चढउतार किती, बसायला मिळेल का, बॅगा कोण उचलणार. हे सगळं एका जागी असावं म्हणून लिहितेय. जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. जुन्या शहरात चाकाचं वाहन नाही. टॅक्सी नाही, बस नाही, सायकलला तर बंदीच आहे, हातात धरून नेलेलीही चालत नाही. मुख्य भूमीवरून येणारा रस्ता पियाझाले रोमा नावाच्या चौकात संपतो, रेल्वे सांता लुचिया स्टेशनात संपते. तिथून पुढे पाय किंवा पाणी.

शहर लहान आहे. स्टेशनापासून सेंट मार्क चौक चालत अर्ध्या-पाऊण तासावर. नकाशा बघून घरात सगळे म्हणतात, एवढंच ना, चालत जाऊ. पण या शहरात चारशेच्या वर पूल आहेत, आणि खालून बोटी जायच्या असल्यामुळे बहुतेक सगळे कमानीचे, पायऱ्यांचे. एक पूल चढून उतरलात की दोनशे पावलांवर दुसरा. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाट रस्त्यावर ती माझ्यापुढे चालते, पण उतरत्या पायऱ्या आल्या की कठड्याला धरून एकेक पाऊल. त्यामुळे आम्ही रोज सकाळी अंतर बघतच नव्हतो, वाटेत पूल किती तेवढं बघत होतो. माझं ठाम मत झालंय की व्हेनिसमधलं नियोजन याच एका प्रश्नावर करावं.

त्यातून निघालेल्या काही गोष्टी:

राहायची जागा बोटीच्या थांब्याजवळ घ्या, आणि थांबा ते दार यात एकही पूल नको. बुकिंगच्या आधी जागेच्या मालकाला हाच प्रश्न लिहून विचारा. आम्ही आधी निवडलेल्या हॉटेलने 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असं लिहिलं होतं. विचारल्यावर कळलं, मध्ये पायऱ्यांचा मोठा पूल, आणि आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ते बुकिंग रद्द केलं.

सेंट मार्क चौकासाठी सान झाक्कारिया थांब्यावर उतरू नका. तिथून चौकात जायला पायऱ्यांचा पूल लागतो, आणि त्याच पुलावरून निःश्वासांचा पूल दिसतो म्हणून फोटोवाल्यांची मरणाची गर्दी. सान मार्को वाल्लारेस्सो थांब्यावर उतरा. तिथून चौकापर्यंत एकही पूल नाही. रियाल्तोचा भाजीबाजार आणि मासळीबाजार बघायचा तर रियाल्तो मेर्कातो थांबा, बोटीतून उतरलात की समोर बाजार. आकादेमियाचं चित्रसंग्रहालयही थांब्याला लागूनच आहे.

आणि व्हापोरेत्तो, म्हणजे इथली पाण्यावरची बस. १ नंबरची बोट ग्रँड कॅनॉलवरचा जवळजवळ प्रत्येक थांबा घेत जाते. पियाझाले रोमाहून वाल्लारेस्सोपर्यंत पाऊण तासाच्या आसपास लागतो. २ नंबर कमी थांबे घेते आणि लवकर पोचवते. मोठ्यांना घेऊन जाताना १ नंबरच बरी, कारण तोच खरा शहर बघण्याचा मार्ग. दोन्ही बाजूंना राजवाडे, त्यांची दारं थेट पाण्यात, पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. सासूबाई मागच्या बाजूला उघड्यावर बसल्या त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत.

चढण्या-उतरण्याची भीती बाळगू नका. थांबा म्हणजे तरंगता तराफा, बोटीबरोबर तोही वरखाली होतो, त्यामुळे मध्ये मोठी पायरी पडत नाही. बोट जवळ आली की खलाशी दोराचा फास खुंट्यावर टाकतो, दोर करकरत ताणला जातो, बोट तराफ्याला टेकते, मग तो लोखंडी फाटक सरकवतो. आधी उतरणारे, मग चढणारे. आईला बघून खलाशाने प्रत्येक वेळी न सांगता हात पुढे केला.

मिलिंद_ठाणे

छान धागा, वाचनखूण साठवली. पुढच्या मे महिन्यात जायचा विचार आहे, सोबत आई. पासचं गणित कुणी सांगेल का? एकेक तिकीट भयंकर महाग वाटलं.

सायली_प

मिलिंद, आमच्या वेळचे दर सांगते. सुटं तिकीट ९.५० युरो, शिक्का मारल्यापासून ७५ मिनिटं चालतं, तेवढ्यात बोट बदलता येते. २४ तासांचा पास २५, ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५ आणि आठवड्याचा ६५ युरो. दिवसातून तीनदा बोटीत बसणार असाल तर पास वसूल झालाच. आई बरोबर आहे म्हणजे तुम्ही बसणारच.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पासचे तास पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून मोजतात, तारखेप्रमाणे नाही. म्हणजे दुपारी दोनला सुरू केलेला २४ तासांचा पास दुसऱ्या दिवशी दोनपर्यंत. आणि दर वेळी चढण्याआधी यंत्राला लावायचाच, पास आहे म्हणून तसंच चढायचं नाही. तपासनीस येतात. विमानतळाची बस साध्या पासात येत नाही, त्याची वेगळी भर घेऊन पास काढावा लागतो.

तळ्यात_मळ्यात

मी शिकायला व्हेनिसमध्ये होतो, थोडी भर घालतो.

मिलिंद, तुमच्याबरोबर ६ ते २९ वयाचं कुणी असेल तर त्यांच्यासाठी 'रोलिंग व्हेनिस' कार्ड घ्या. ६ युरोचं कार्ड, मग ७२ तासांचा पास २७ युरोत. घरात कॉलेजची मुलं असली तर बराच फरक पडतो.

आता पत्ते. शहराचे सहा भाग आहेत: सान मार्को, कास्तेल्लो, कान्नारेज्जो, दोर्सोदुरो, सान पोलो आणि सांता क्रोचे. घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसतात, अख्ख्या भागात सलग चालत जातात. 'कास्तेल्लो ४१२०' एवढ्यावरून शेजारच्या भागातला माणूससुद्धा घर सांगू शकणार नाही. हॉटेलवाल्याकडून जवळचा थांबा, जवळचा चौक (तिथे त्याला काम्पो म्हणतात) आणि जवळची चर्च, हे तीन विचारून ठेवा. फोनचा नकाशा अरुंद गल्लीत भरकटतो. भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात, रियाल्तोकडे, सान मार्कोकडे, स्टेशनकडे. त्या पाट्यांवर विश्वास ठेवा.

मोठ्या थांब्यांवर, म्हणजे स्टेशन, पियाझाले रोमा, सान झाक्कारिया, एकापेक्षा जास्त तराफे असतात, प्रत्येकाला अक्षर. नंबर बरोबर आणि दिशा उलटी, असं नवख्यांचं फार होतं. फलकावर शेवटचा थांबा वाचूनच आत शिरा. पाठीवरची सॅक चढताना काढून हातात घ्यायची, नाहीतर ओरडा बसतो आणि तो रास्तच असतो.

बसायला जागा हवी असेल तर १ नंबर स्टेशनवरून न पकडता पियाझाले रोमाहून पकडा, ती तिथूनच सुटते. पण स्टेशन ते पियाझाले रोमा चालत जायचं तर मध्ये कालात्रावा या वास्तुकाराचा २००८ सालचा काचेचा पूल आहे. लांब पायऱ्या, आणि पावसात घसरडा म्हणून बदनाम. बसने येणाऱ्यांनाच ही युक्ती सोपी.

आणि त्रागेत्तो कुणी विसरू नका! ग्रँड कॅनॉल जवळजवळ चार किलोमीटर लांब, आणि त्यावर पूल फक्त चार: स्टेशनासमोरचा स्काल्झी, रियाल्तो, आकादेमिया आणि हा कालात्रावाचा. मधल्या जागी पलीकडे जायला गोंडोलासारखीच मोठी साधी होडी असते, दोन वल्हेकरी, एक पुढे एक मागे. पर्यटकाला २ युरो. सांता सोफियाहून समोरच्या बाजारात जाणारी आणि सान तोमाची, या दोन मला माहीत आहेत. तिथली माणसं पिशव्या घेऊन उभ्यानेच जातात. पणजीहून बेतीला फेरीने जाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही, फक्त होडी फार छोटी. संध्याकाळी लवकर बंद होते.

अण्णा_चिपळूणकर

सायलीताई, लेख कळकळीने लिहिला आहे, पण एका म्हाताऱ्याचं म्हणणंही ऐका. माझं वय ७४. आम्ही नवरा-बायको मुलाकडे आलो असता व्हेनिसला गेलो. मुलाने आम्हाला बोटीतून बोटीत असं इतकं जपून फिरवलं की पहिल्या दिवशी गल्ल्या म्हणून बघितल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, बाबा रे, आम्हाला चालू दे. हळू चालू, पुलावर मध्ये थांबू, पण चालू.

पुलाच्या माथ्यावर थांबलो की दोन्ही बाजूंना पाणी दिसतं. खालून भाजीची बोट गेली, मग सिमेंटच्या गोण्यांची, मग कचऱ्याची, तिच्यावर क्रेन. धोबी, पोस्ट, रुग्णवाहिका, शववाहिका सुद्धा बोटच. मालवाले हातगाडी घेऊन पूल कसे चढतात ते मी बराच वेळ बघत उभा होतो. त्या गाडीला मोठ्या चाकांच्या पुढे दोन लहान चाकं असतात. ती आधी पायरीवर टेकवायची, मग मोठी चाकं वर ओढायची, परत लहान टेकवायची. एकेका पायरीवर तालात. घामाने निथळलेला मुलगा होता, तोंडाने सारखं 'वाट द्या' असं काहीतरी ओरडत होता. हे बोटीतून दिसलं नसतं.

तेव्हा गुडघे दुखतात त्यांनी जरूर बोटीने जावं, पण मुलांनी परस्पर ठरवू नये. आईवडिलांना विचारावं. काठी मात्र न्यावी, आणि चामड्याच्या तळाचे बूट नेऊ नयेत.

सायली_प

अण्णा, अगदी मान्य. बाबांचंही हेच म्हणणं पडलं आणि ते रोज पहाटे एकटेच हिंडून यायचे. आई मात्र बोटीवरच खूश होती. विचारून ठरवावं हे शंभर टक्के खरं.

रेवा२७

लहान बाळ असेल तर बाबागाडी नेऊ नका, कळकळीची विनंती. आम्ही प्रत्येक पुलावर दोघांनी मिळून गाडी उचलली आणि दुपारपर्यंत नवऱ्याची पाठ धरली. छातीशी बांधायची झोळी न्या. सहा वर्षांखालच्या मुलांना बोटीत तिकीट नाही.

बंदरकर

आयुष्य बंदरांच्या कामात गेलं, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा.

हे शहर खारकच्छात उभं आहे, शंभरावर छोटी बेटं जोडून. १८४६ साली रेल्वेचा पूल झाला तोवर मुख्य भूमीशी जोडणारा रस्ताच नव्हता. मोटारींचा पूल १९३३ चा. ग्रँड कॅनॉलवर वाफेच्या बोटी १८८१ मध्ये आल्या तेव्हा गोंडोलावाल्यांनी संप केला होता, पोट जाणार म्हणून. त्यांची भीती अनाठायी नव्हती, रोजची वाहतूक त्यांच्या हातून गेलीच.

आज त्या बोटींमुळे दुसरा प्रश्न आहे, लाटांचा. इंजिनाच्या बोटीने उठलेली लाट भिंतीवर आपटते, विटांमधला चुना धुऊन नेते, पायाजवळ पोकळी करते. म्हणून कालव्यांत वेगाची मर्यादा आहे. तुमची बोट रेंगाळतेय असं वाटलं तर चिडू नका, ती त्या घरांसाठी हळू चालली आहे. २५,००० टनांवरच्या क्रूझ जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून सेंट मार्कसमोरून जायला बंदी घातली, ती फार आधी व्हायला हवी होती.

गोंडोलाबद्दल एक. ती सरळ बघितली तर वाकडी दिसते, कारण ती वाकडीच बांधतात. डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटिमीटर रुंद. वल्हेकरी मागे उभा राहून एकाच बाजूने वल्हवतो, त्याने नाव गोल फिरू नये म्हणून बांधणीतच ती तिरकी केलेली. सुमारे ११ मीटर लांबीची नाव एक माणूस एका वल्ह्याने काटकोनी वळणावर वळवतो, भिंतीला पायाने हलकेच रेटा देऊन. नौकाबांधणीतलं इतकं शहाणं काम मी फार थोडं बघितलंय.

मिलिंद_ठाणे

बंदरकर काका, मग गोंडोलात बसावं की नाही? घरात यावरून दोन तट आहेत.

तळ्यात_मळ्यात

अधिकृत दर अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा नावेचा दर आहे, माणशी नाही, पाच जण बसतात. चौघांचं कुटुंब असेल तर माझ्या मते बसा, पण सेंट मार्क किंवा रियाल्तोजवळ न बसता आतल्या एखाद्या शांत कालव्यावरून. चढण्याआधी दर आणि वेळ दोन्ही बोलून घ्या. प्रवासाचं साधन म्हणून तिचा उपयोग नाही, ती फिरवून परत तिथेच सोडते.

बंदरकर

बसावं. त्या माणसाच्या हाताकडे बघत बसावं.

निखिल_डब्लिन

कुणी मेस्त्रेबद्दल लिहिलं नाही. आम्ही मुख्य भूमीवर मेस्त्रेला राहिलो. हॉटेल निम्म्या किमतीत, लिफ्ट होती, बॅगा दारापर्यंत टॅक्सीने. मेस्त्रे ते सांता लुचिया रेल्वेने दहा-बारा मिनिटं आणि गाड्या सतत. २०१५ पासून ट्रामही थेट पियाझाले रोमाला येते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा पर्याय उत्तम आहे असं माझं मत.

सायली_प

निखिल, पैशांच्या बाबतीत खरं आहे. पण दुपारी दोन तास खोलीवर जाऊन पडणं हे मोठ्या माणसांना फार लागतं, आणि मेस्त्रेहून ते जमत नाही. शिवाय सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतरचं व्हेनिस वेगळंच असतं. जुन्या शहरात रात्री राहणारे आता पन्नास हजारांहून कमी उरलेत. गर्दी ओसरली की त्यांचं शहर दिसतं. मी थोडे दिवस कमी करीन पण बेटावर राहीन.

निखिल_डब्लिन

दुपारच्या झोपेचा मुद्दा पटला. अजून एक, सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क आहे. ५ युरो, आणि २०२५ पासून ऐनवेळी काढलं तर १०. शहरात रात्री राहणाऱ्यांना माफ, पण आधी नोंदणी करावी लागते. मेस्त्रे त्याच नगरपालिकेत येतं, त्यामुळे तिथल्या हॉटेलात राहणाऱ्यांनाही माफी आहे.

स्वरदा_जोशी

बाबा व्हीलचेअरवर आहेत. हा धागा वाचून धीरच खचला. विचार सोडून द्यावा का?

तळ्यात_मळ्यात

स्वरदाताई, अजिबात सोडू नका. १ आणि २ नंबरच्या बोटीत व्हीलचेअर थेट जाते, खलाशी मदत करतात. व्हीलचेअरवरच्या माणसाला सवलतीचं तिकीट आणि सोबतचा एक जण फुकट. अख्खं शहर पायी नाही होणार, पण प्रत्येक थांब्याभोवती पूल न ओलांडता जेवढं फिरता येतं ते कमी नाही. सेंट मार्क चौक, रियाल्तोचा बाजार आणि आकादेमिया तिन्ही सायलीताईंनी वर सांगितलेल्या थांब्यांवरून जमतील. मुरानो आणि बुरानो या बेटांवर जाणाऱ्या बोटी मोठ्या असतात. महापालिकेने पूल टाळून जाणाऱ्या मार्गांचे नकाशेही केलेत. ऑक्टोबरमध्ये मॅरेथॉनसाठी काही पुलांवर लाकडी उतार बसवतात, ते नंतरही काही महिने ठेवतात. जमलं तर हिवाळ्यात जा.

लिदो बेटावर तर बस, मोटारी सगळं आहे. बाबांना समुद्रकिनारी न्यायचं असेल तर १ नंबर बोट शेवटी तिथेच जाते.

स्वरदा_जोशी

मनापासून आभार. बाबांना हे सगळं आत्ताच वाचून दाखवलं, ते म्हणाले तिकिटं काढ.

मीनल_के

आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी जातोय, सासू-सासरे बरोबर. दोन शंका. पाणी चढतं म्हणतात ते कितपत? आणि विमान रात्री नऊला उतरतं, पुढे कसं जावं?

बंदरकर

नोव्हेंबर हा मोठ्या भरतीचाच काळ. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, १९६६ च्या १९४ नंतरचं सगळ्यात मोठं. पण ऑक्टोबर २०२० पासून खारकच्छ समुद्राला मिळतं त्या तीन मुखांवर मोसे नावाच्या पूररोधक यंत्रणेचे दरवाजे उभे राहतात, एकूण ७८. साधारण ११० सेंटिमीटरचा अंदाज आला की ते वर उचलतात, त्यामुळे शहर बुडण्याची भीती आता नाही. त्याखालची भरती मात्र येते आणि सेंट मार्क चौक सगळ्यात सखल असल्याने तिथे पाणी साचतं, तेव्हा लाकडी फळ्यांचे मार्ग मांडतात. एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पाणी चढलं की काही पुलांखालून व्हापोरेत्तो जाऊ शकत नाही आणि बाहेरून फिरणाऱ्या ४ व ५ नंबरच्या बोटींचे मार्ग बदलतात. सकाळी थांब्यावरचा फलक बघून निघा. ग्रँड कॅनॉलवरच्या १ नंबरला सहसा अडचण येत नाही.

सायली_प

मीनल, विमानतळावरून तीन रस्ते. पाण्यावरची टॅक्सी हॉटेलच्या धक्क्यापर्यंत नेते, पण शंभर युरोच्या पुढे. आलिलागुना कंपनीची बोट स्वस्त, पण सान मार्कोपर्यंत तासाहून जास्त, आणि थंडीत रात्री दमलेल्या माणसांना ती नको. बसने पियाझाले रोमा गाठा, २०-२५ मिनिटं. तिथून १ नंबर, रात्री गर्दी नसते. उशीर झालाच तर रात्रीची 'एन' बोट असते. हॉटेल अजून घेतलं नसेल तर पहिली रात्र सांता क्रोचे भागात, पियाझाले रोमाच्या अलीकडच्या बाजूला काढा, म्हणजे रात्री बोटीत चढायचीच वेळ येणार नाही. बुकिंग करताना पूल आणि लिफ्ट दोन्ही विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.